नाव नको

वर्तमानपत्रातले लोक त्याला तोंडावर 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'इस्त्री'. कुणाचं कितीही चुरगळलेलं प्रकरण असो, हा त्यावर गरम हात फिरवून ते कडक घडीत बाहेर काढायचा. धंद्याचं नाव जनसंपर्क सल्लागार. जनांशी संपर्क म्हणाल, तर शेजारच्या दारातल्या माणसालाही यानं कधी 'कसं काय' विचारलं नव्हतं.

अंगात कला होती, नाही असं नाही. पण राग यावा अशी कला. कारखान्यातून माणसं काढली, की हा लिहायचा 'मनुष्यबळाची फेरमांडणी'. कोणता वार्ताहर गोड बोलण्याला भुलतो, कोणाला नुसतं दटावलं तरी पुरतं, हे तोंडपाठ. वाईट बातमी शनिवारी संध्याकाळी सोडायची, कारण रविवारी वाचणारे आळसावलेले असतात. या सगळ्याहून जास्त अभिमान त्याला आपल्या एका नियमाचा होता. गिऱ्हाईक घडलेलं सांगायला लागलं, की हा तळहात पुढे करायचा. "सगळं सांगू नका. छापायचंय तेवढंच सांगा." जे ठाऊकच नाही त्याबद्दल आपण खोटं बोललो असं कोण म्हणणार, असा त्याचा हिशोब. भित्रेपणाच होता तो, फक्त वर तत्त्वाचा कोट चढवलेला.

याच्याच ओळखीनं याच्या मुलीला एका मोठ्या खासगी रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली होती. ती तिथल्याच वसतिगृहात राहायची. रुग्णालय याचं जुनं गिऱ्हाईक. एका शनिवारी दुपारी तिथल्या संचालकानं याला तातडीनं बोलावून घेतलं. एक म्हातारा रुग्ण खाटेवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि बाहेर त्याच्या मुलांनी आरडाओरडा मांडला होता.

"खाटेचा कठडा जरा..." संचालकानं सुरुवात केली.

तळहात पुढे आला. "कठड्याचं राहू द्या. तिथे कोण होतं?"

"एक नवीन सिस्टर. म्हणजे, तुम्हाला सांगायलाच हवं, ती..."

"नाव नको. 'कनिष्ठ परिचारिका' पुरे. नाव आलं की वाचणाऱ्याला माणूस दिसतो, मग उगाच दया येते."

संचालकानं उघडलेलं तोंड मिटलं. त्याचं तर फावलंच. साहेबांनी तिथेच बसून निवेदन लिहिलं : 'कनिष्ठ परिचारिकेच्या निष्काळजीपणामुळे कठडा लावायचा राहून गेला. तिला तत्काळ सेवेतून कमी करण्यात आलं आहे. आमचं रुग्णालय प्रत्येक रुग्णाला कुटुंबातलाच मानतं.' शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

आपली मुलगी तिथेच काम करते हे याच्या ध्यानात आलं नसेल का? आलं होतं. हिला आठवडाभर जपून राहायला सांगू, असं मनाशी म्हणत हा गृहस्थ लिफ्टमध्ये शिरला. दुपारपासून तिचे फोन येऊन गेले होते, पण 'आईशी बोलेल ती' म्हणून त्यानं ते उचलले नाहीत, आणि आईला तर रुग्णालयात काय घडलं ते ठाऊकच नव्हतं.

रविवारी सकाळी मुलगी दारात उभी राहिली. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र.

"बाबा, हे 'निष्काळजीपणा' तुम्ही लिहिलंत?"

यानं चहाची बशी खाली ठेवली. "तू... तू होतीस तिथे?"

"मीच होते. कठडा कधीचा मोडलाय. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. त्या आजोबांना मी उशांचा आधार लावून झोपवत होते." ती रडायला लागली. "आता मला कुठलं रुग्णालय दारात तरी उभं करील? एक फोन करा, बाबा. कठडा मोडका होता, एवढंच सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

"अहो, करा ना!" स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

याच्या डोक्यात काय चाललं होतं? लेकीचं रडणं नव्हे. आपलंच निवेदन आपणच खोडणाऱ्याला उद्या कोण काम देईल, हे चाललं होतं. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. एक जुना वार्ताहर होता, सरळ माणूस, आणि त्याचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा खणखणीत.

"साहेब, ती परिचारिका तुमची मुलगी आहे म्हणे. तिथली आया सांगतेय, कठडा मोडकाच होता. तुम्ही नुसतं हो म्हणा, पोरीवरचा डाग मी उद्याच्या अंकात धुऊन काढतो."

मुलीनं रडणं थांबवलं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

त्यानं घसा साफ केला.

"चौकशी सुरू आहे. अशा वेळी कोणत्याही व्यक्तीविषयी बोलणं उचित होणार नाही."

फोन ठेवला आणि गिऱ्हाईकाला विचारायचा तसं सवयीनं समोर उभ्या मुलीला विचारलं, "जास्त नाही ना बोललो?"