डाव्या हाताची टाकी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी छिन्न्यांना पाणी पाजलं. गिरजेनं भात्याचं चाक फिरवलं. मी लाल झालेली छिन्नी ठोकून टोक काढलं, पाण्यात बुडवली. अशा सात छिन्न्या. चाळीस वर्षं हेच करत आलो, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. ती एकदाच बोलली. "आज शाळेत जायचंय. हात नीट धुवा, कोळसा दिसून राहिलाय." आम्ही मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं.

शाळा लातुरातली, सरकारी. हमालांची, मजुरांची, रिक्षावाल्यांची पोरं तिथं. चौथीच्या बाई रोज जाता-येता आम्हाला रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवताना बघायच्या. एक दिवस थांबल्या. म्हणाल्या, गावातले कलाकार वर्गात आणा म्हणून वरून पत्र आलंय. सगळे भजनवाले नाहीतर रांगोळीवाल्या आणतात, मी तुम्हाला दोघांना आणणार.

कलाकार. हा शब्द आम्हाला कुणी लावला नव्हता. आम्हाला वडार म्हणतात. त्याच्या पुढंमागं आणखी काय काय म्हणतात, ते लिहीत नाही. गिरजा दोन दिवस त्या शब्दावर हसत होती. मी म्हणायचो, कलाकारबाई, भाकरी टाका. ती म्हणायची, थांबा, कला करून राहिले.

हेडमास्तरनं दारातच अडवलं. फरशी फुटेल, व्हरांड्यात बसा म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. फळ्याखाली दोन पोती अंथरली. आम्ही बसलो. पाटा मी घरून घडवून आणला होता. घडवायचं माझं, टाकी लावायचं गिरजेचं. पाट्यावर मसाला वाटायचा तर पाटा खरबरीत लागतो. त्याला छिन्नीनं बारीक बारीक ठिपके पाडायचे, ती टाकी. गिरजा ठिपके पाडायला लागली. पोरं जवळ सरकली. एका पोरीनं विचारलं, "आजी, तुम्ही डाव्या हातानं का करता?"

गिरजा खूश झाली. "थांब. त्याचीच गोष्ट सांगते तुला."

ती गोष्ट सांगायचं तिनं घरीच ठरवलं होतं. तेवढ्यात हेडमास्तर आत आला. सोबत क्लासवाला सर. ट्यूशनच्या भागात याचे क्लास, खांबाखांबावर याचा फोटो. शाळेला वह्या दिल्या होत्या, म्हणून पोरांना चार शब्द सांगायला आला होता. चौथीच्या पोरांना. आमच्याकडं बोट करून म्हणाला, "मुलांनो, हे नीट बघून घ्या. अभ्यास केला नाही तर काय होतं, ते पुस्तकात नाही लिहिलेलं. ते हे इथं बसलंय."

बसलंय म्हणाला. बसलेत नाही.

मग मला म्हणाला, "बाबा, तुम्हीच सांगा यांना. शिकला असता तर अशी दगडं फोडायची वेळ आली असती का?"

मी उठलो. हात जोडले. हसलो. "न्हाई साहेब," म्हणलं.

कुणी मारलं नव्हतं. कुणी धमकावलं नव्हतं. हात आपोआप जुळले. पासष्ट वर्षांची सवय.

पहिली टाळी हेडमास्तरनं वाजवली, मग पोरांनी. बाई खाली बघत होत्या. आणि माझ्या मागं गिरजेच्या छिन्नीचा आवाज बंद झाला. ओळीच्या मधेच. सर गेल्यावर बाई हळूच म्हणाल्या, आजी, ती गोष्ट? गिरजेनं छिन्न्या पिशवीत भरल्या. "राहू द्या बाई."

परत येताना मी हातगाडा ओढत होतो, ती मागून ढकलत होती. मी म्हणलं, असल्या माणसाचं मनावर घेऊ नको. ती म्हणाली, "त्याचं न्हाई लागलं. तसले लई बघितले. तुमी न्हाई म्हणला, ते लागलं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "त्या गावात मी काय केलं, ते तुमाला तरी ठाऊक हाय ना?"

मला ठाऊक होतं. मी तिथंच होतो.

तीस वर्षांमागं भूकंप झाला तेव्हा आम्ही पहारी घेऊन औशाकडच्या एका गावात गेलो. दगड हलवायचं काम, ते आमच्याच लोकांना जमणार. गाव नव्हतंच. दगडमातीचा एक ढीग. घर कुठलं, गल्ली कुठली, कळेना. वाचलेली माणसं नुसती बसून होती. एक म्हातारा आम्हाला म्हणाला, तुमच्या दगडांनीच खाल्लं गाव. भिंती दगडाच्याच होत्या.

एक दुकानदार हातांनी माती उकरत होता. तो आदल्या दिवशी बाजाराला लातुरात आलेला, रात्री तिथंच थांबला, म्हणून वाचला. आई आणि बायको आत. उकरत होता भलतीकडंच. गिरजेच्या पहारीला फुटका पाटा लागला. तिनं तळव्यानं माती पुसली. ठिपके उलट्या बाजूला तिरके. गिरजा डावरी. सगळ्या जिल्ह्यात तसे ठिपके दुसऱ्या कुणाचे पडत नव्हते. आदल्या दिवाळीला त्याच घराच्या पायरीखाली बसून तिनं त्या पाट्याला टाकी लावली होती. त्या घरच्या बाईनं तिच्या ओंजळीत वरून, लांबून पाणी ओतलं होतं, तेही तिच्या लक्षात होतं.

ती म्हणाली, "भाऊ, तुमचं सैपाकघर इथं हाय. इथं खणा."

खणलं. दोघी सापडल्या. मेलेल्या. पण त्याला सापडल्या, त्यानं ओळखल्या, नाव घेऊन रडला. बाजूला कितीतरी प्रेतं बिननावाची जळत होती. त्या दोन दिवसांत गिरजेनं अशी चार घरं ओळखून दिली. मी तिसरी शिकलोय. ती शाळेची पायरी चढली नव्हती. पण त्या ढिगात वाचता येत होतं ते तिला एकटीला. आणि मी त्या सरला म्हणलं, न्हाई साहेब.

शाळेतून आलो त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी गिरजा गेली. छातीत दगडाची धूळ बसलेली, डॉक्टर कधीचा सांगत होता. मधल्या दिवसांत ती माझ्याशी भांडली नाही. भांडायला पाहिजे होतं.

दहावा झाला त्या संध्याकाळी हेडमास्तर घरी आला. खाटेवर बसला. वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, उद्या वरचे साहेब शाळा बघायला येणार, कलाकारांचा कार्यक्रम परत ठेवलाय. "सरही येणार आहेत. मागच्या वेळी पोरांवर चांगला परिणाम झाला. तेवढं एक वाक्य पुन्हा बोला, बस."

मी म्हणलं, येतो. तो खुशीत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाता पेटवला नाही. छिन्नी एकही घेतली नाही. अर्धीच टाकी लागलेला तो पाटा तेवढा गाड्यावर घातला, एकट्यानं ओढत नेला, आणि फळ्याखाली त्याच जागी बसलो. गिरजेच्या पोत्यावर कुणाला बसू दिलं नाही. साहेब आले, खुर्चीवर बसले. सरनं मागचंच सगळं म्हणलं. मग माझ्याकडं वळला. बाबा, सांगा.

मी उठलो नाही. "त्या दिवशी मी खोटं बोललो," म्हणलं.

हेडमास्तर दंडाला धरून म्हणाला, चला बाबा, झालं. मी दंड सोडवला. पाटा पोरांकडं फिरवला. ठिपके दाखवले. हे गिरजेचे. आणि इथं, या ओळीच्या मधे, मी न्हाई म्हणलो. इथून पुढं पाटा कोरा हाय. कोराच राहणार. हा मी विकणार नाही, पुरा करणार नाही. ज्या शाळेत बोलावतील तिथं नेणार, नाही बोलावलं तर फाटकात घेऊन बसणार.

साहेब घड्याळ बघून राहिले होते. सर मोबाईल. मी दोन्ही हात पाट्यावर पालथे दाबून ठेवले, परत जुळायला नकोत म्हणून. ती पोरगी दुसऱ्या रांगेत होती. तिला म्हणलं, "तू आजीला विचारलं होतंस ना, डाव्या हातानं का करता? ऐक आता."

आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.