मे महिन्यातला फोटो

अन्याय झाला तो हौसाक्कावर, गेल्या आषाढातल्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेआठला. करणारा कुणी बिल्डर नव्हता, म्हणून त्याच्या निषेधाचं पत्रक निघालं नाही. करणारे आम्ही होतो: हिंजवडीहून बस भरभरून आलेले, हिरव्या टोप्या घातलेले वृक्षप्रेमी. 'उजाड माळ हिरवा करू या!' हे पत्रक तर मीच लिहिलं होतं.

हौसाक्का लवळ्याच्या डोंगरावरची धनगरीण. मेंढरं माळावर सोडण्याआधी ती वाकून पवन्या गवताची एक काडी उपटायची आणि स्वतः चावून बघायची. "पवन्या गोड झालाय. जावा आता," असं मेंढरांना सांगायची. आमच्या संस्थेकडे मातीपरीक्षणाचं यंत्र होतं. काडी चावणारं माणूस एकही नव्हतं.

त्या रविवारी आम्ही तिच्या निम्म्या माळात खड्डे खणले, सुबाभूळ आणि गुलमोहर लावले, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि 'चराई बंद' अशी पाटी ठोकली. मेंढरांपासून जंगल वाचवायला हो! खरं जंगल शेजारच्या घळीत होतं, जांभळीचं, करवंदीचं. तिथे आता बंगले आहेत. रोपं त्याच बंगलेवाल्यांनी दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

हौसाक्का कुंपणाशी आली. "पोरी, झाडं घळीत व्हती, गवत माळावर व्हतं. घळीतली तोडली आन् माळावर लावली? चूल मोडून न्हाणीत मांडल्यावानी झालं की."

"आक्का, जंगल वाढवतोय आम्ही."

"वाढीव. पर मेंढरू काय फांदीवर चढवू?"

मी तिला मोबाइलवर उपग्रहाचा फोटो दाखवला. पिवळा, बोडका माळ. "बघा, काहीच नव्हतं इथे."

तिने डोळे बारीक केले. "ह्यो कंच्या म्हैन्यातला?"

"मे."

"मग माजाबी फोटू तापात काढ, आन् म्हण म्हातारी मेली."

टोप्या हसल्या. मीही हसले. आदल्या वर्षीचा, पावसाळा सरतानाचा फोटो मी नंतर शोधला, खड्डे खणून झाल्यावर. त्यात माळ गच्च हिरवा होता.

आमच्या अहवालावर 'वनाच्छादनात वाढ' असं छापलंय. दसऱ्याआधी हौसाक्काने निम्मा कळप विकला, हे त्यात कुठे नाही. परवा गेले, तर तिने कुंपणातून हात घालून सुबाभळीखालची काडी उपटली, चावली, थुंकली. दुसरी माझ्यापुढे धरली. "खा. तुमचंच हाय."

कडू होती.

उरलेला कळप उरलेल्या निम्म्या माळावर जगतोय, आणि येत्या रविवारी तिथे आमचा दुसरा टप्पा आहे. पत्रक लिहायचं काम याही वेळी माझ्याकडेच आलं. ते हेच. तुम्ही नाव नोंदवलं असेल, तर आता मागे फिरू नका, या. रोप घरी ठेवा, पक्कड आणा. तारा कापायच्या आहेत, पाटी उपटायची आहे. आणि कशालाही हात लावण्याआधी, वाका आणि एक काडी चावून बघा.