मुठीचे तांदूळ

भूकंपाचे हादरे सुरू झाले त्या हिवाळ्यात मी तलासरीच्या पाड्यांवरून पत्रकं वाटत हिंडायचो. वनपट्टे, रेशन, मजुरी, विषय कुठलाही असो, पहिलं वाक्य ठरलेलं: गरिबाला लुटणं थांबवा. ते वाक्य मला आजही चूक वाटत नाही. फक्त त्यातला गरीब लुटला जातो, कधी कुणाला काही देत नाही.

आमच्या पाड्यावर ख्रिस्ती घरं थोडीच. आमच्यात मुठीची रीत आहे. रोज तांदूळ चुलीवर चढवण्याआधी एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेत ते तांदूळ अर्पण करायचे. ज्याच्या घरी अडचण, त्याच्याकडे ते जातात. त्या हिवाळ्यात ते हादऱ्यांच्या भीतीने अंगणात संसार मांडलेल्यांसाठी होते.

घोलवडकडच्या एका चिकूवाडीवाल्याने ताडपत्र्या पाठवल्या. सोबत माणूस, त्याच्या हातात मोबाईल. ताडपत्री छातीशी धरून फोटो काढल्याशिवाय वाटप नाही! मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. "वर्षभर हेच लोक तुमचे चिकू उतरवतात, तेव्हा कुठे होता तुमचा फोटो?" फोटो बंद झाले. फादरांनी गरजूंची यादी करायला मला सांगितलं. मी अर्ध्या दिवसात केली. कच्चं घर वर, पक्कं घर खाली.

सगळ्यात वर एका म्हातारीचं नाव. एकटी बाई, कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं घर. रविवारी तीच पदरात तांदूळ घेऊन अर्पणाच्या रांगेत आली. टोपली माझ्या हातात होती.

"आजी, तू नको देऊ. तुझं नाव मदत घेणाऱ्यांत आहे."

"कोणी लिवलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

रांग थांबली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पत्रकात लिहायचो तसाच बोललो, "तुझ्याकडून घेणं पाप आहे, आजी."

"मंग देवानं मला नुसती घेणारीच केली काय रं? मरेपर्यंत?"

तिने पदराला गाठ मारली आणि मिस्सा अर्धी टाकून निघून गेली.

नंतर फादर एवढंच म्हणाले, "नवरा गेला त्या महिन्यातही तिची मूठ चुकली नव्हती."

"पण फादर, तिलाच खायला नाही."

"तू गेलायस तिच्या घरी?"

गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री खांद्यावर टाकून गेलो. अंगणात गाद्या वाळत होत्या आणि चुलीपाशी शाळेतल्या मास्तरांची बायको बसली होती. मास्तरांचं पक्कं घर माझ्या यादीत शेवटून पहिलं! त्याची भिंत वरपासून खालपर्यंत फाटली होती. म्हातारीचं घर उभं होतं. कुडाचं घर हलतं, पडत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी तर असल्याच घरात वाढलो. तरी वही हातात आली आणि मी सरकारी फॉर्मसारखा विचार केला.

"भिंत फाटली तेव्हापासून आम्ही चौघं इथंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आजीचंच खातोय."

मी म्हातारीसमोर उभा राहिलो. "चुकलो, आजी. मूठ दे."

"ती शिजली." तिने चुलीवरच्या टोपाकडे हनुवटी केली. "आता पुढच्या महिन्यात. आणि ते प्लास्टिक मास्तराच्या सामानावर टाक. उघड्यावर पडलंय."

श्रीमंतांवर मी अजून संतापतो, संतापणारच. पण चिकूवाडीवाल्याला गरिबाचा निदान चेहरा तरी हवा होता. मी तिचं देणंच नाकारलं, तेही धर्माच्या नावाने. येशू लोकांच्या घरी जेवायला बसला, विहिरीवर एका परक्या बाईकडे त्याने पाणी मागितलं. मी कुणाकडे काय मागितलं होतं? निवेदनांवर सह्या.

म्हातारीने गोणपाट अंथरलं. "बस, जेव."

"नको आजी. तुम्हालाच पुरणार नाही."

"बघ," ती मास्तरीणबाईंना म्हणाली, "परत सांगतो मला, काय पुरेल नि काय नाय." दोघी हसल्या.

मी बसलो. भात गरम होता, वर सुक्या बोंबलाची चटणी. मान खाली घालून जेवत राहिलो. तिने न विचारता दुसऱ्यांदा वाढायला घेतलं, आणि मी ताटावर हात आडवा धरला नाही.