गिऱ्हाइकांची मराठी

जैनब मणेर एका जागी पाच मिनिटं बसलेली मी फक्त बाजाराच्या दिवशी पाहिली आहे, आणि तेही तिच्या गुडघ्यावर कुणाचा तरी हात असतो म्हणून. एरवी ती बांगड्यांची पेटी काखेला मारून पाटणच्या गल्ल्यांतून पळत असते. त्या जूनमध्ये तिच्या वाटेत माझा पहिलीचा वर्ग आला. खिडकीच्या गजांमागे आधी पेटीचा कोपरा दिसायचा, मग तिचं नाक.

"बाई, बोलली का वो?"

"नाही. आणि तुम्ही अशा डोकावत राहिलात तर बोलणारही नाही."

"बरं बरं, जाते." पण जायची नाही. गज सोडायची, परत धरायची.

तिची लेक शिफा सहा वर्षांची, माझ्याच वर्गात. घरात दखनी बोली, शाळा मराठी. हजेरीला हात वर करायची, पाटीवर सुरेख अक्षर काढायची, पण तोंडातून शब्द नाही. तहान लागली तरी सांगायची नाही. बाकीची पोरं तिला 'मुकी' म्हणायला लागली. मी त्यांना रागावले खरी, पण राग मला शिफाचाच यायचा. सत्तावीस वर्षं शिकवते आहे, आणि गप्प बसलेलं मूल मला अजून माझाच अपमान वाटतो.

जैनबच्या जिवाला घोर होता तो दिवाळीचा. तिचा नवरा आसिफ टेम्पो चालवतो. भला माणूस, पण लेकीचे हाल त्याला बघवेनात. त्याने सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत पोरगी शाळेत बोलली तर ठीक, नाहीतर सुट्टीनंतर ती मिरजेला नानीकडे राहील, तिथे उर्दू शाळा आहे. शिफा एकुलती एक.

"तिकडं ती बोलंल, बाई," जैनब म्हणाली, "पर ते ऐकायला मी नसणार."

तेव्हा मी सल्ला दिला. मी मूळची सांगलीची, विश्रामबागेतली. आमच्या घरात पाहुण्याला चहाच्या आधी सल्ला मिळतो. म्हटलं, "घरात फक्त मराठी बोला. उठता-बसता मराठी. महिन्याभरात फरक बघा."

जैनबने तो जीव लावून पाळला. आसिफला दम दिला. नानीचा फोन आला की शिफाच्या हाती देईना. तिची स्वतःची मराठी फार गोड आहे, दहा वर्षं बाजारात बायकांशी बोलून कमावलेली. ती सगळी तिने लेकीवर ओतली. खिडकीत उभी राहून मला रोज हिशेब द्यायची, आज सकाळपासून आपल्या बोलीतला एक शब्द काढला नाही म्हणून. मीही मान डोलवायचे.

महिना झाला आणि एक दिवस ती खिडकीशी न थांबता थेट वर्गात आली.

"बाई, तुमच्या औषधानं दुखणं वाढलं. आता ती घरात बी बोलंना. भूक लागली तर मोकळी ताटली आणून म्होरं ठिवती. अब्बासंगं न्हाई, माझ्यासंगं न्हाई. काय करू मी? सांगा की!"

ती रडत नव्हती. माझ्या टेबलावरचे खडू उचलून ओळीने लावत होती, परत विस्कटत होती. मी म्हटलं, "थोडा धीर धरा." दुसरं काही सुचलं नाही की आम्ही शिक्षक हेच म्हणतो.

नवरात्राच्या आधी मी बाजारात तिच्याकडे बांगड्या भरायला गेले. सण हे निमित्त होतं. खरं म्हणजे माझंच मन थाऱ्यावर नव्हतं.

"या या, बसा. हात सैल सोडा. इकडं माझ्याकडं बघा. घरी कोण कोण हाय?"

माझ्या घरी कोण कोण आहे हे तिला पाठ आहे. तरी विचारलं, कारण ती सगळ्यांनाच विचारते. बाई उत्तर द्यायच्या नादात लागली की पंजा ढिला पडतो आणि बांगडी सरकते. उत्तराकडे तिचं लक्ष नसतं. मी सासूबाईंच्या गुडघ्याचं सांगत होते आणि ती अंगठ्याखालचं हाड दाबत "व्हय का, अगं बाई" म्हणत होती. मागे शिफा रंगांप्रमाणे बांगड्या लावत बसली होती.

दोन्ही हात भरले, मी उठले. जैनब त्याच आवाजात मागे शिफाकडे वळली. "आणि आमच्या ताईला काय पायजे? भूक लागली का? बोला, ताई."

शिफा उठली. फिरून पुढे आली, मी बसले होते तिथे बसली आणि आपला इवलासा हात आईच्या गुडघ्यावर ठेवला. अगदी सैल.

"अम्मी, मैं गिराइक हूं क्या?"

जैनबचे हात थांबले.

"सब बायकां हाथ भरके उठके जाते," शिफा म्हणाली. "मैं बी मिरजकू जाऊंगी ना?"

जैनबने तिला ओढून मांडीत घेतलं, तशी गुडघ्याखाली बांगड्यांची एक रांग चुरली. "वाढल्या गं," शेजारची भाजीवाली म्हणाली. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत. जैनबला ऐकूही आलं नाही. ती दखनीत बोलत सुटली होती, महिन्याभराचं तुंबलेलं सगळं. गिऱ्हाइकं उभी होती ती उभीच राहिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिरज दूरच राहिली, या पोरीची आई मी दिवाळीआधीच तिच्यापासून काढून घेतली होती. मी जैनबजवळ वाकून एवढंच म्हणाले, "माझं चुकलं. घरात तुमचीच बोली बोला."

घर बोलतं झालं. वर्ग मात्र तसाच, आणि दसरा उलटून दिवाळीला उरले बारा दिवस. जैनब आता खिडकीत काही विचारायची नाही, नुसती बघायची. ते जास्त अवघड होतं.

सुट्टीच्या चार दिवस आधी सोनिया नावाची मुलगी धाकट्या बहिणीचं कडं घालून आली आणि ते मनगटात अडकलं. हात सुजला. मी साबण लावला, ओढलं, ती किंचाळायला लागली. शिफा आपल्या जागेवरून उठून आली. माझा हात बाजूला सारला, सोनियाचा पंजा गुडघ्यावर घेतला आणि तिचा अंगठा आत दुमडला.

"हात सैल सोड. इकडं माझ्याकडं बघ. घरी कोण कोण हाय?"

पोरं बाकांवर चढून बघायला लागली. सोनिया हुंदके देत आजी, काकी, म्हैस सांगत गेली. कडं निघालं. मग शिफा तिच्याकडे बघत राहिली, आता ही उठून जाणार म्हणून. सोनिया गेली नाही. तिथेच टेकून बसली आणि म्हणाली, "आन् तुझ्या घरी?"

शिफाने सांगितलं. मराठीत. ते सांगणं मधली सुट्टी संपली तरी संपलं नाही. आसिफने मिरजेचं नाव परत काढलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपून दोन आठवडे झाले असतील. खिडकीत पेटीचा कोपरा दिसला.

"आता काय झालं?" मी वैतागून विचारलं. "दिवसभर बडबडते तुमची लेक. मी गप्प बस म्हणून ओरडते."

"ते हाय वो," जैनब म्हणाली. गज धरले, सोडले. "काल मी इचारलं, शिफा, खाने कू क्या दिऊं? तर मला म्हणती, 'काही पण दे गं.' मराठीत. घरात, मला." ती हसायला गेली, पण ते नीट जमलं नाही. "बाई, आता मी गिऱ्हाईक झाले का?"

या वेळी मी सल्ला दिला नाही. दार उघडलं आणि तिला आत घेऊन शिफाच्या शेजारी बसवलं.