वहिनीनं राखून ठेवलेलं ऊन

दादाचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. तास चालू असताना फोन घ्यायचा नाही असा आमच्या शाळेचा नियम आहे आणि इतरांच्या बाबतीत तो मी पाळतेही, पण दादाचा फोन मी कधी सोडला नाही. बपेऱ्याच्या पुढे, नाल्यापलीकडे त्याची टोली, म्हणजे छोटी वस्ती आहे. तिथे घरात रेंज येत नाही, फोन करायचा तर शेतातल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर, बांधावर जाऊन उभं राहावं लागतं. म्हणजे भंडाऱ्यात माझा फोन वाजला की समजायचं, हा माणूस काम टाकून पाळीवर चढला आहे आणि उगाच चढलेला नाही. मी व्हरांड्यात आले. "बाई, तुयी वहिनी गेली," तो म्हणाला. मी रडले नाही, की कशी, कधी असंही विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "बॅटरी उतरली होती का?" भावाची बायको गेल्यावर असं कुणी विचारतं का... पण वहिनी आजारी पडल्यापासून आमच्या दोन्ही घरांत काळजीचा दुसरा प्रश्नच उरला नव्हता. "नाई," दादा म्हणाला.

वहिनीची फुप्फुसं निकामी होत गेली होती. हवेतून ऑक्सिजन गाळून देणाऱ्या मशीनवर तिचं जगणं चाललं होतं आणि टोलीत विजेचा खांब नाही. खांब नाल्याच्या अलीकडे थांबतात, पलीकडे जंगलाची हद्द लागते. चार-दोन घरांची टोली, तिच्यासाठी कोण हलणार? म्हणून दादाने अंगणात सोलरच्या पाट्या उभ्या केल्या, ओसरीत बॅटऱ्यांची रांग मांडली आणि एक माणूस श्वास घेऊ शकेल एवढी वीज स्वतःच्या घरात तयार केली. हे मी अभिमानाने सांगत असे. आता कसं सांगावं ते कळत नाही, पण दादा म्हणाला, "लिहून टाक. दुसऱ्या कोनाच्या घरी तरी असं नाई होनार." म्हणून लिहिते आहे.

वहिनी लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी शाळकरी होते. आई आजारी असायची, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून मला रागावण्यापर्यंत सगळी खाती वहिनीने पहिल्या महिन्यातच ताब्यात घेतली. जीभ तिखट आणि हात आखडता. चुलीतला विस्तव राखेखाली झाकून संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवायची, कारण काडेपेटी कायले नासवायची? साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. मी पहिल्या पगारातून घेतलेलं लुगडं तिने इतकं जपलं की नेसायला काढलं तेव्हा घडीवरच विरलं होतं. मी चिडले, तर मलाच म्हणाली, "तुया हातचं होतं ना वो, म्हणून ठेवलं." चिक्कू म्हणून सगळी टोली तिची थट्टा करायची, आणि तीही त्या थट्टेत सामील व्हायची.

पण एका वर्षी ती थट्टा बंद झाली. पाऊस लवकर गेला होता आणि धान निसवायचं, लोंबीवर यायचं बाकी होतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या शेताच्या वर छोटी बोडी असते, तिच्यात साठलेलं पाणी अशा वेळी धानाला सोडतात. शेजाऱ्यांनी घाईघाईने बोड्या रिकाम्या केल्या. दादाही निघाला होता. वहिनी पाळीवर जाऊन बसली आणि उठेचना. "आज नाई. उद्या बी नाई. मी सांगीन तवा," म्हणाली. दादा ओरडला, आमच्या बाबांनी समजावलं, ती हलली नाही. आणखी ऊन तापल्यावर, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेला, तिने पाणी सोडू दिलं. त्या वर्षी खालच्या शेतांत दाण्याविना नुसतं तणस झालं आणि आमच्या घरी धान आलं. तेव्हापासून बोडीचा कारभार वहिनीकडे गेला. राखून ठेवलं की वेळेला कामी पडतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिने ते करून दाखवलं होतं. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण अडाणी बाईला मशीन काय समजणार, असं तेरवीच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं आणि मी घास टाकून उठले.

पहिली सोलरची पाटी आली ती साधी. एक पाटी, एक बॅटरी, दोन बल्ब आणि मोबाइल चार्ज करायची सोय. वहिनी तिला पोरीसारखी जपायची, ओल्या फडक्याने पुसायची. तेवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. मग तिचा दम वाढत गेला. आयुष्यभर चुलीचा धूर आणि फावल्या वेळात विड्या वळताना नाकात गेलेली तंबाखूची भुकटी... स्वतः तिने विडी कधी ओठाला लावली नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचे फोटो पाहिले आणि सांगितलं, दिवसरात्र, जितका वेळ जमेल तितका वेळ मशीन हवी. मी तिला माझ्या घरी ठेवून घेतलं. मागची खोली दिली, मशीन लावली. आख्खा पावसाळा ती माझ्याकडे होती, आणि त्या खोलीत ती दिवसेंदिवस बारीक होत गेली. जेवायची, गोळ्या घ्यायची, टीव्हीकडे पाठ करून पडायची. शेवटी दादाला म्हणाली, "इथं मले सास येते, पन मी कोन आहो तेच समजत नाई. घरी ने." मी दादाशी भांडले. तिथे नेऊन मारतोस का, असं म्हणाले. तो घरी गेला आणि त्याने वीज वाढवायचं मनावर घेतलं.

तुमसरहून सोलरचं काम करणारा मिस्त्री आला. घराच्या छपराचे कवेलू वजन पेलणार नाहीत म्हणून अंगणात लोखंडी सांगाडा रोवला, वहिनीचा भाजीचा वाफा त्यापायी गेला. नव्या पाट्या, मोठा इन्व्हर्टर, नव्या बॅटऱ्या. चूक झाली ती एकच. जुनी बॅटरी चांगली चालते, ती कशाला काढायची, म्हणून दादाने ती नव्यांच्याच रांगेत जोडून घेतली. मिस्त्री नको म्हणत होता. जुनी लवकर दमते आणि नव्यांनाही आपल्याबरोबर खाली ओढते, हे पहिली झड लागेपर्यंत आम्हाला कळलं नाही. दिवाळीच्या तोंडावर वहिनीला घरी नेलं आणि लगेच अवकाळी पावसाची झड लागली. आभाळ उघडेना. मशीन आचके द्यायला लागली, मग बंद पडली. कोपऱ्यात ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर ते दिवस निघाले. सिलिंडरचा काटा खाली येत होता आणि नाल्याला पूर होता. दादा तिच्या उशाशी बसून एवढंच म्हणत राहिला, "जपून वापरू आपन. आता जपून वापरू." तो ते तिला सांगत होता की देवाला, की स्वतःला, कोण जाणे. वहिनीने मात्र ते नीट ऐकलं.

पाऊस उघडल्यावर दादाने सगळी रांग बदलली. जुनी बॅटरी काढली, सगळ्या एका जोडीच्या घेतल्या आणि पाट्या वाढवल्या. आता चांगल्या उन्हात मशीन दिवसभर चालवूनही बॅटरी दुपारपर्यंत भरायची आणि रात्र सहज निघायची. मी खूश होते. मागच्या उन्हाळ्यात सुट्टीत गेले, तर भर दुपारी वहिनी खाटेवर बसून धापा टाकते आहे, ओठ निळसर, आणि मशीन बंद! नळीची नीट गुंडाळी करून खिळ्याला अडकवलेली.

"काहून बंद केली वो?" मी ओरडलेच.

"बसून त आहो. बसल्या मानसाले किती सास लागते?" ती म्हणाली. "रातच्याले पाहिजे ना. उद्या ढग आलं त?"

मी मशीन लावली आणि ओसरीतला दिवा दाखवला. हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी भरली, आता ती आणखी घेणारच नाही. तू मशीन बंद ठेवलीस तरी काही शिल्लक पडत नाही. दादा दारात उभा होता. त्याने तिच्या भाषेत सांगून पाहिलं, "बोडी भरली का वरचं पानी सांडव्यावरून जाते, तसं हाये हे."

वहिनीने विचार केला. मग म्हणाली, "सांडव्याचं पानी खालच्या शेताले त जाते. हे कुठं जाते?"

"कुठंच नाई."

"असं कसं? एवढं ऊन पडून राहिलं, अन् ते कुठंच नाई जात?" ती आमच्याकडे अशी बघत होती की आम्ही दोघं मिळून तिला फसवतो आहोत. तिने आयुष्यात कुठली गोष्ट वाया जाऊ दिली नव्हती, त्यामुळे एखादी गोष्ट राखताच येत नाही हे तिच्या गळी उतरेना. आम्ही असलो की नळी लावून बसायची. दादा शेतावर गेला की बटण बंद. आणि तो यायच्या आधी पुन्हा चालू! दादाला संशय होता. तो अधूनमधून बांधावरून मुद्दाम परत यायचा, रागवायचा, एकदा तर हात जोडले त्याने. ती हसायची. म्हणायची, "तुमीच त म्हनलं होतं, जपून वापरू."

ती गेली तो धानकापणीचा दिवस होता. आभाळ स्वच्छ होतं. दादा कापणीवर होता, जेवायला घरी आला, तर वहिनी कुशीवर झोपलेली. मशीन बंद. नळी खिळ्याला. ओसरीत हिरवा दिवा लागलेला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात मशीन चालू असतानाही माणूस जातो, नक्की काही सांगता येत नाही. ते दादाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील किंवा खरंही असेल. दादाने टोलीत सगळ्यांना सांगितलं, मशीन चालूच होती. बालाघाटहून त्यांची लेक आली, तिलाही तेच सांगितलं. खरं त्याने मला सांगितलं, तेही तेरवी झाल्यावर, आणि सांगताना त्याचा आवाज शांत होता. "बॅटरी पुरी भरून होती, बाई. पुरी भरून." मला त्या क्षणी वहिनीचा इतका राग आला की विचारू नका. अजूनही येतो. मग तिचा तो पाळीवर ठाण मांडून बसलेला चेहरा आठवतो आणि राग कुणावर करायचा ते कळेनासं होतं.

गेल्या रविवारी मी टोलीवर गेले. शेजारच्यांनी दादाला विचारलंय, आमच्याकडे एक तार ओढू का, तुले एकट्याले एवढी कायले लागते? द्यायचीय त्याला. हो म्हणालाय, पण अजून दिली नाही. मी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती आणि घरातले सगळे बल्ब लागलेले होते. स्वयंपाकघरातला, ओसरीतला, न्हाणीतलासुद्धा. पंखा रिकाम्या खोलीत फिरत होता. वहिनीच्या खोलीतून मशीनची घरघर येत होती. खाट आवरलेली, तिच्यावर चादर ताणलेली, आणि मशीन चालू. दादा खाली भिंतीला टेकून बसला होता. दिवाबत्ती दिवसा जळताना दिसली की आमच्या घरातल्या कुणाचाही हात आपोआप बटणाकडे जातो, तसा माझा गेला.

"राहू दे," दादा म्हणाला. "हिरवा लागला का मी चालू करतो. तो हिरवा जाईपावेतो बसतो इथंच. मग जातो वावरात."

मी खाटेच्या कडेला बसले. नळीचं टोक उशीवर ठेवलेलं होतं. मी ते उचलून तळहातावर धरलं. हवा येत होती.