त्रास तर होत नाही ना?

इमारतीत तिला सगळे शिवणकाकू म्हणत. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत असतानाही तिचं बोलणं थांबत नसे, फक्त सगळे शब्द नाकातून यायचे. नवरा रुग्णवाहिका चालवायचा, त्याच्या येण्याजाण्याला काही धरबंध नव्हता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. उरलेला दिवस काकू आणि तिचं मशीन.

लग्नानंतर ती आधी ज्या घरात राहायची, तिथे समोरासमोरची दोन बिऱ्हाडं सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. कारण काय, तर एकदा कुणाच्या तरी दारात फरशी पुसल्याचं पाणी गेलं होतं. त्या अबोल्यात तिचा जीव गुदमरायचा. इथे आल्यावर तिने मनाशी पक्कं केलं, की या जिन्यात तसं होऊ द्यायचं नाही.

नवं बिऱ्हाड आलं की ती पहिल्याच संध्याकाळी पाण्याची बाटली घेऊन वर जायची. कचरा कुठे टाकायचा, तिसऱ्या मजल्यावरची कुठली पायरी हलते, गच्चीची किल्ली कुणाकडे, सगळं सांगायची. शेवटी म्हणायची, "आमचं काही खटकलं तर मनात ठेवू नका. सरळ दार वाजवा." वरच्या मजल्यावर समोरासमोर राहणारी परिचारिका आणि गॅरेजवाला यांच्यात चपलांच्या कपाटावरून जुंपली, तेव्हा दोघांना पायरीवर बसवून तिने तासाभरात मिटवलं होतं. गॅरेजवाला आजही परिचारिकेची सायकल स्वतः उचलून वर आणतो.

स्वतःच्या बाबतीत ती जास्तच जपायची. घरात शिवणाचं मशीन चालतं, तेही मोटर लावलेलं, म्हणजे खालच्या मजल्यावर घरघर जाणारच. खाली राहत होत्या बँकेतून निवृत्त झालेल्या एकट्या ताई. काकूने मशीनखाली रबराचा जाड तुकडा घातला. दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायची. आणि दर दोन-तीन महिन्यांनी खाली जाऊन विचारायची, "ताई, मशीनचा त्रास तर होत नाही ना?"

"छे गं! उलट सोबत वाटते," ताई म्हणायच्या. "बस, चहा टाकते."

असं अकरा वर्षं चाललं. ताईंचे कपडे काकूच शिवायची. ताई आजारी पडल्या तेव्हा डॉक्टरकडेही तिनेच नेलं.

मग एक दिवस घरमालकांच्या व्यवस्थापकांनी तिला कार्यालयात बोलावलं. टेबलावर फाइल होती. "बाई, तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. राहत्या जागेत धंद्याचं यंत्र चालवता येत नाही. महिनाभरात हलवा, नाहीतर जागा सोडा."

"तक्रार कुणाची?"

व्यवस्थापक भले गृहस्थ होते. नाव सांगायला कचरले, पण फाइल त्यांनी तिच्याकडे सरकवली.

अक्षर तिने लगेच ओळखलं. त्याच अक्षरातल्या मापाच्या चिठ्ठ्या तिच्या डब्यात होत्या. तीन वर्षांची नोंद होती, तारीखवार. सकाळी साडेनऊ, घरघर. साडेबारा, पुन्हा. मध्येच एक ओळ होती: "आज विचारायला आली होती. मी नाही म्हटलं." पुढच्या पानावरही तेच. तिसऱ्या पानावर नुसतंच, "पुन्हा आली."

तक्रारीचं तिला एवढं वाटलं नाही. आवाज होता, मान्य. पण आपण दार वाजवून गेलो, चहा पिऊन, हसून वर आलो, आणि मागे ही बाई वही उघडून बसली?

ती घरी न जाता थेट खालच्या दारात उभी राहिली. ताईंनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघूनच समजल्या.

"मी विचारत होते ना, ताई? दरवेळी विचारत होते."

"म्हणूनच तर सांगता आलं नाही." ताई म्हणाल्या. "तू इतकं गोड विचारायचीस. हो म्हटलं असतं तर मीच वाईट ठरले असते. डोकं ठणकायचं माझं, पण तुझ्या तोंडावर कसं बोलू?"

"तोंडावर नाही, पण कागदावर बोललात."

काकू वर आली आणि अर्धवट शिवलेला कपडा मशीनवरून काढून नुसती बसून राहिली. नवरा आल्यावर म्हणाला, "जाऊ दे ना. आवाज होता, तो बंद होईल. संपलं."

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. मशीन कसं न्यायचं ते तेवढं त्याने विचारलं.

मशीन गॅरेजवाल्याने दोन माणसं लावून खाली उतरवलं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानात मागची अर्धी खोली मिळाली, तिथे काकू बसू लागली. गिऱ्हाइकं आली, काम चाललं. पण तिच्यात एक नवीनच खोड शिरली. कुणी "छान झालंय" म्हटलं की ती विश्वासच ठेवेना. हात वर करायला लावायची, खाली बसायला लावायची, वाकायला लावायची. "खरं सांगा, कुठे काचतंय?" लोक वैतागायचे. घरीही नवऱ्याने "भाजी बरी आहे" म्हटलं की ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं, तेव्हा ती वर गेली नाही. परिचारिका गेली.

चार महिन्यांनी ताई दुकानात आल्या. हातात कापडाची पिशवी. किल्लीवाल्याने स्टूल दिलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

"राग गेला का?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाली. "आणि लवकर जाईल असंही वाटत नाही."

ताईंनी मान हलवली. पिशवीतलं कापड काढून टेबलावर ठेवलं, घडी दोनदा सारखी केली. मग एकदम म्हणाल्या, "तुझ्या हातची बाही घट्ट होते. दंडात. नेहमीच व्हायची."

काकूची कात्री थांबली. अकरा वर्षांत किती बाह्या शिवल्या, आणि प्रत्येक वेळी या बाईने आरशासमोर उभं राहून "अगदी मापात" म्हटलं होतं.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

ताईंनी हात पुढे केला. काकूने गळ्यातली मोजपट्टी काढून दंडाभोवती घेतली, आकडा वहीत लिहिला, आणि पुढच्या गुरुवारी या म्हणून सांगितलं.