चौघांचा पासपोर्ट फोटो

मार्चमधला दुसरा शनिवार. कॅनडातल्या एडमंटनच्या लायब्ररीत, लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देणारं टॅक्स क्लिनिक. हजर: स्वयंसेवक म्हणून मी, बिघडलेला प्रिंटर आणि बेकरीतून थेट आलेले, कोपरापर्यंत पीठ लागलेले एक गृहस्थ.

रिटर्न भरला की कमी पगाराच्या नोकरदार कुटुंबाला सरकारकडून क्रेडिट म्हणून पैसे मिळतात. यांनी दोन वर्षं भरलाच नव्हता. आता मुलीच्या दातांना तारा बसवायच्या होत्या.

"का नाही भरलात?"

"फोटोसाठी चौघं एकत्र सापडत नव्हतो."

शर्टाला हात पुसून त्यांनी पासपोर्ट साइझचे सहा फोटो मांडले. प्रत्येकात अख्खं कुटुंब कानाला कान लावून कोंबलेलं, आणि मुलीचे ओठ घट्ट मिटलेले.

"फोटो लागतच नाही," मी म्हणाले.

"मग पैसे कुणाला द्यायचे हे त्यांना कळणार कसं, ताई?"

तासाभरात थकलेली दोन आणि यंदाचं, अशा तिन्ही वर्षांचे रिटर्न गेले. उठताना त्यांनी एक फोटो माझ्या वहीत सरकवला.

"दात दिसत नाहीयेत, पण वाकडेच आहेत. कुणी विचारलं तर सांगा."

गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे मी त्यांचं नाव लिहून ठेवलं नाही. त्या दिवसाच्या यादीत बाकी सगळ्यावर टिक आहे. एकच काम उरलंय: मुलीचे दात सरळ झाले की हसरा फोटो मागून घेणे.